आवाज जपण्याचा खर्च कोणाचा?

पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर आणि तिच्या साथीने उमटणारी ओवी, हे चित्र आता महाराष्ट्रातील बहुतेक गावांतून नाहीसे झाले आहे. विजेची गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले आणि त्या कष्टांच्या सोबतीला असलेले गाणेही थांबले. तरीही एक लाखाहून अधिक ओव्या आज संगणकाच्या साठ्यात सुरक्षित आहेत. कोणत्या गावच्या कोणत्या बाईने कोणती ओवी म्हटली, याची नोंदही तेथे आहे. ज्यांपैकी अनेकींना कधी शाळेची पायरी चढता आली नाही, अशा तीन हजारांहून अधिक शेतकरी, मजूर आणि दलित स्त्रियांचे शब्द त्यांच्या नावानिशी जगापुढे येऊ शकले, ते या नोंदींमुळेच.

हा साठा उभा कसा राहिला आणि तो उद्याही टिकेल याची हमी कोण देणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर काही माणसांच्या चिकाटीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पैशापाशी येऊन अडते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मानव्यविद्यांसाठी दिलेली चौदाशेहून अधिक अनुदाने एकाएकी रद्द केली. तेव्हापासून हा दुसरा प्रश्न अशा स्वरूपाचे काम करणाऱ्यांपुढे पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहिला आहे.

डिजिटल मानव्यविद्या म्हणजे काय?

इतिहास, भाषा, साहित्य, संगीत, लोकपरंपरा या विषयांचा अभ्यास संगणकाच्या साह्याने करणे आणि त्यातून तयार होणारी सामग्री सर्वांना उपलब्ध करून देणे, याला 'डिजिटल मानव्यविद्या' असे म्हटले जाते. जुन्या कागदांची छायाचित्रे काढून ती महाजालावर ठेवणे, एवढ्यापुरतेच हे काम मर्यादित नाही. विखुरलेल्या नोंदी एकत्र करणे, त्यांना शोधता येईल असे रूप देणे, त्यांतून नवे प्रश्न विचारणे हा त्याचा गाभा आहे.

'स्लेव्ह व्हॉयेजेस' हा प्रकल्प याचे ठळक उदाहरण मानता येईल. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांना अटलांटिक महासागरापार वाहून नेणाऱ्या जहाजांच्या छत्तीस हजारांहून अधिक सफरींची माहिती त्यात एकत्र केलेली आहे. देशोदेशीच्या बंदरांतील आणि व्यापाऱ्यांच्या दप्तरांतील नोंदी अभ्यासकांनी अनेक वर्षे खपून जुळवल्या. १९९९ मध्ये ही माहिती प्रथम सीडीवर आणि २००८ मध्ये संकेतस्थळावर आली. एकेका वहीत ज्याचा थांग लागत नव्हता, त्या व्यापाराचा पसारा या एकत्रित नोंदींतून डोळ्यांपुढे उभा राहिला.

येथे समन्यायाचा मुद्दा येतो. सर्वांना सारखेच देणे ही समता झाली. ज्यांच्या वाट्याला आजवर काहीच आले नाही, त्यांची उणीव आधी भरून काढणे म्हणजे समन्याय. दप्तरखान्यांच्या बाबतीत ही उणीव फार मोठी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात वतने, इनामे, महसूल आणि तंटे यांचे असंख्य कागद जपलेले आहेत. परंतु जिच्या नावावर जमीन नव्हती आणि जिच्या हाती लेखणी नव्हती, त्या बाईचा उल्लेख तेथे आलाच तर दुसऱ्याच्या हातून आलेला असतो. जे आधीच जपले गेले तेवढेच संगणकावर चढवले, तर जुनाच अन्याय नव्या साधनाने पक्का होतो. म्हणूनच वंचित समूहांच्या नोंदी गोळा करण्यासाठी वेगळा निधी असावा, हा आग्रह गेल्या काही दशकांत वाढत गेला.

ओव्यांचा प्रवास

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह हा या आग्रहाच्या बराच आधीचा. मूळचे फ्रान्सचे असलेले आणि पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेले गी पॉइतवाँ आणि समाजसंशोधक हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काम करताना या ओव्या टिपण्यास सुरुवात केली. 'गरीब डोंगरी संघटने'तील स्त्रिया या कामात केवळ गायिका नव्हत्या. गावोगाव जाऊन अन्य स्त्रियांना बोलते करण्यात त्यांचाही वाटा होता. पुढे हे काम पुण्याच्या 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेच्या छत्राखाली हजाराहून अधिक गावांपर्यंत पोहोचले. संगीत आणि संगणक या दोहोंचे अभ्यासक बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात त्यात सामील झाले. त्यांनी ओव्यांचा डेटाबेस रचला आणि एकशे वीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले.

या ओव्यांचे विषयही विस्तृत आहेत. माहेर, भाऊ, लेकीचे लग्न, विठ्ठल, सीतेचा वनवास यांबरोबरच नवऱ्याचा मार, सासरचा जाच आणि बाईच्या जन्माची चीड त्यांत आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्धधम्म यांच्यावरील ओव्या मुद्रित झाल्या. धर्मांतराचा इतिहास घराघरांत कसा पोहोचला, याचा इतका थेट पुरावा सरकारी कागदांत मिळणे कठीण.

या कामाला १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को, नेदरलँड्सचे विकास सहकार्य मंत्रालय आणि चार्ल्स लिओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांचे आर्थिक साह्य लाभले. त्यानंतरचा प्रवास लक्षात घेण्याजोगा आहे. साह्याचा काळ संपला. २००४ मध्ये पॉइतवाँ यांचे आणि २०१० मध्ये राईरकर यांचे निधन झाले. संग्रह मागे राहिला, पण तो चालवणारी माणसे उरली नाहीत, अशी स्थिती सहज येऊ शकली असती. बेल आणि जुन्या सहकाऱ्यांनी तो जपला आणि अखेर पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' अर्थात 'पारी'कडे सुपूर्द केला. मार्च २०१७ पासून या ओव्या भाषांतरांसह आणि जेथे शक्य तेथे मूळ आवाजासह 'पारी'वर प्रसिद्ध होऊ लागल्या.

थोडक्यात, निधी पाच वर्षांचा होता आणि संग्रहाला आता चार दशके होत आली. मधल्या काळाचा भार व्यक्तींच्या निष्ठेने वाहिला. अशी निष्ठा लाभली नाही, ते किती संग्रह पेट्यांमधील ध्वनिफितींवर बुरशी चढून संपले असतील, याची गणती नाही.

निधी येतो कोठून?

या क्षेत्राला निधी पुरवणारे स्रोत जगभरात मोजकेच आहेत. अमेरिकेत १९६५ मध्ये स्थापन झालेली 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही केंद्र सरकारची संस्था आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले 'मेलन फाउंडेशन' हे खासगी प्रतिष्ठान, हे त्यांतील दोन प्रमुख. मेलनने २०२० मध्ये आपल्या सर्व अनुदानांचा रोख सामाजिक न्यायाकडे वळवत असल्याचे जाहीर केले. मेलनच्याच पैशातून 'अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीज' या संस्थेने 'डिजिटल जस्टिस' नावाची अनुदाने सुरू केली. कृष्णवर्णीय आणि अन्य वंचित समूहांच्या इतिहासावर काम करणाऱ्या प्रकल्पांसाठी ती आहेत. आरंभीच्या टप्प्यासाठी दहा ते पंचवीस हजार डॉलर आणि रुजलेल्या प्रकल्पांसाठी पन्नास हजार ते एक लाख डॉलर, मुदत बारा ते अठरा महिने, असे त्यांचे स्वरूप ठरले.

ब्रिटनमध्ये 'आर्केडिया' या निधीच्या साह्याने ब्रिटिश लायब्ररी २००४ पासून धोक्यातील दप्तरांसाठी 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' चालवते. पूर्वपाहणीसाठी पंधरा हजार पौंडांपर्यंत आणि मोठ्या कामासाठी दीड लाख पौंडांपर्यंत अनुदान त्यातून मिळू शकते. मूळ कागद त्यांच्या देशातून बाहेर न्यायचा नाही, त्याची डिजिटल प्रत स्थानिक संस्थेकडेही राहिली पाहिजे, या त्याच्या अटी महत्त्वाच्या आहेत. वसाहतकाळात मूळ वस्तूच परदेशी संग्रहालयांत गेल्या. त्या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे.

मात्र स्रोत मोजके असले की धोकाही मोठा असतो. एप्रिल २०२५ मध्ये एन्डाउमेंटची अनुदाने रद्द झाली, तेव्हा काम अर्धवट असलेल्या प्रकल्पांनाही पत्रे गेली. राज्याराज्यांतील मानव्यविद्या परिषदांचा सुमारे साडेसहा कोटी डॉलरचा निधी त्यामुळे अडचणीत आला. मेलनने तातडीने दीड कोटी डॉलर जाहीर केले. आकड्यांतील ही तफावतच पुरेशी बोलकी आहे. मे २०२५ मध्ये अभ्यासकांच्या तीन मोठ्या संघटनांनी या निर्णयाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परंतु न्यायालयीन लढाईचा निकाल काहीही लागो, एकदा विखुरलेला चमू पुन्हा जमवणे सोपे नसते. टंकलेखन करणारी मुलगी दुसऱ्या नोकरीला लागते, बोली जाणणारा भाषांतरकार गावी परततो आणि ज्यांच्या आठवणी टिपायच्या त्या वृद्धांचे वय वाढतच राहते.

अठरा महिने आणि साडेबारा वर्षे

या कामाचा खर्च नेमका कशावर होतो, याविषयी गैरसमज बरेच आहेत. संगणक, स्कॅनर आणि साठवणुकीची जागा एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात साठवण हा सर्वांत स्वस्त भाग आहे. एकशे वीस तासांचे ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जाने साठवले, तर ते ऐंशी गिगाबाइटच्या आत मावते. म्हणजे सारा संग्रह एका पेन ड्राइव्हमध्ये बसू शकतो.

महाग असतो तो माणसाचा वेळ. एक ओवी ऐकणे, तिचा पाठ तपासणे, बोलीतील शब्दाचा अर्थ लावणे, भाषांतर करणे आणि गायिकेचे नाव-गाव पडताळणे यांस सरासरी पंधरा मिनिटे लागतात असे केवळ हिशेबासाठी धरू. एक लाख ओव्यांना पंचवीस हजार तास लागतील. वर्षाला अडीचशे दिवस, दिवसाला आठ तास काम करणाऱ्या एका व्यक्तीला त्यासाठी साडेबारा वर्षे हवीत. अनुदान मात्र अठरा महिन्यांचे असते.

काम पूर्ण झाल्यावरही खर्च थांबत नाही. वीस वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या काळी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला नाही, तर आजच्या संगणकावर तो निरर्थक चिन्हांची रांग ठरतो. ध्वनीचे प्रकार बदलतात, सर्व्हरचे भाडे दरवर्षी भरावे लागते, संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण चुकले तर पत्ताच हातचा जातो. मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि धोक्यातील दप्तरांच्या डिजिटल प्रती महाजालावर अनेक महिने पाहता येत नव्हत्या. स्थानिक संस्थेकडेही प्रत असलीच पाहिजे, या अटीचे मोल त्या वेळी नव्याने कळले.

अनुदान देणाऱ्यांना 'नवे' काही हवे असते. नव्या प्रकल्पाचे उद्घाटन करता येते, त्याचा अहवाल छापता येतो. जुन्या साठ्याची देखभाल कोणाच्या अहवालात शोभून दिसत नाही. त्यामुळे सुरू होण्यासाठी पैसा मिळतो, टिकण्यासाठी मिळत नाही, ही या क्षेत्राची मूळ व्यथा आहे.

मालकी कोणाची, मोबदला कोणाला?

समन्याय केवळ विषयाच्या निवडीने साधत नाही. आदिवासींच्या कथांवर प्रकल्प होतो, पगार विद्यापीठातील संशोधकाला मिळतो आणि कथा सांगणाऱ्याच्या वाट्याला आभाराची ओळ येते, असे होत असेल तर जुनीच उतरंड कायम राहिली असे म्हणावे लागेल. म्हणून निधी देताना अंदाजपत्रकात गायिका, कथनकार, गावातील साहाय्यक यांच्या मोबदल्याचा स्वतंत्र उल्लेख आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न खुलेपणाचा. सर्व काही सर्वांना खुले असावे, हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटते. पण सासरच्या छळावर एका बाईने मैत्रिणींच्या सोबतीने म्हटलेली ओवी जगभर तिच्या नावानिशी ऐकवावी काय, याचा निर्णय तिचा असायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील टेनंट क्रीक येथे वारुमुंगु या आदिवासी समूहापुढे हाच पेच उभा राहिला. काही छायाचित्रे फक्त स्त्रियांनी पाहायची, काही विशिष्ट कुटुंबानेच, मृत व्यक्तीची छायाचित्रे सरसकट दाखवायची नाहीत, असे त्यांचे नियम आहेत. अमेरिकी अभ्यासिका किंबर्ली क्रिस्टन यांच्या सहकार्याने हे नियम पाळणारी संगणकप्रणाली तयार झाली. पवित्र वस्तू ठेवण्याच्या पिशवीला वारुमुंगु भाषेत जो शब्द आहे, तो 'मुकुर्तु' हेच तिचे नाव. ही प्रणाली विनामूल्य असून आज इतर देशांतील आदिवासी समूहही ती वापरतात. तिच्या उभारणीत नॅशनल एन्डाउमेंटच्या अनुदानाचाही वाटा होता, हे येथे नमूद करायला हवे.

२०१९ मध्ये आदिवासी समूहांच्या माहितीविषयी जी तत्त्वे मांडली गेली, त्यांचा आशयही हाच आहे : माहितीचा लाभ समूहाला व्हावा, तिच्यावर अधिकार समूहाचा असावा, वापरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी आणि नीतीचे भान ठेवावे.

भारतातील वाटा आणि अडथळे

आपल्याकडे सरकारी निधीचा कल लिखित वारशाकडे आहे. २००३ मध्ये राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे उद्दिष्ट ठरले. हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु ज्यांना शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यांच्याकडे हस्तलिखित कोठून असणार? त्यांचा वारसा कंठात आहे आणि कंठातील वारशासाठी त्या तोलाची मोहीम नाही.

परदेशी निधीची वाट २०२० नंतर अरुंद झाली. परकीय देणगी नियमन कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीनुसार एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. निधीचा गैरवापर रोखणे हा सरकारने दिलेला हेतू असून एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. तिचा परिणाम मात्र अशा कामावर थेट होतो. पूर्वी शहरातील मोठी संस्था अनुदान मिळवून त्याचा हिस्सा तालुक्यातील लहान मंडळाला देऊ शकत असे. आता त्या मंडळाने स्वतःच नोंदणी, हिशेब आणि अर्ज यांचे सोपस्कार पार पाडायला हवेत. ज्यांच्या हाती सामग्री आहे, त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचणे अशा रीतीने दुरापास्त होते.

तिसरी वाट उद्योगांच्या सामाजिक दायित्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक उलाढाल, मालमत्ता किंवा नफा असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांच्या जतनाचा समावेश कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. परंतु बहुवार्षिक प्रकल्पासही सुरुवातीचे वर्ष वगळता तीन वर्षांचीच मर्यादा आहे. साडेबारा वर्षांच्या कामापुढे ती तोकडीच. बंगळुरूच्या 'इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स'सारख्या संस्था कलाविषयक संशोधनाला अनुदाने देतात, मात्र गरजेच्या मानाने त्यांची झोळी लहान आहे.

टिकण्याची तजवीज

काही मार्ग दिसू लागले आहेत. 'स्लेव्ह व्हॉयेजेस'ने २०२१ मध्ये विद्यापीठे आणि संग्रहालयांचा एक संघ उभारला. एकाच संस्थेवर भार न टाकता सदस्य संस्था तो वाटून घेतात. एकाचे अंदाजपत्रक कोसळले तरी संग्रह कोसळू नये, ही त्यामागील कल्पना. महाराष्ट्रात विद्यापीठे आहेत, शतक ओलांडलेली ग्रंथालये आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये आहेत. एका संग्रहाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवणे आणि वर्षातून एकदा त्या उघडून तपासणे, याला फार मोठा निधी लागत नाही. लागते ती नेमून दिलेली जबाबदारी.

निधी देणाऱ्यांकडूनही काही किमान अपेक्षा ठेवता येतील. नव्या प्रकल्पाला मंजुरी देताना त्याच्या पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तजवीज विचारावी आणि तिचा काही भाग स्वतः उचलावा. ज्यांचा वारसा आहे त्यांना निर्णय घेणाऱ्या समितीत जागा द्यावी. गायिकेच्या गावात, तिच्या नातीच्या मोबाइलवर तो आवाज ऐकू येतो की नाही, ही यशाची कसोटी ठेवावी.

ओव्यांच्या संग्रहातील कित्येक गायिका आज हयात नाहीत. त्यांची जाती अंगणात उलटी पडली आहेत किंवा शहरातील उपाहारगृहांच्या दाराशी शोभेला लागली आहेत. त्यांचा आवाज पेन ड्राइव्हमध्ये मावतो, हे खरे. पण तो दरवर्षी उघडून पाहणारा, त्यातील शब्दाचा अर्थ जाणणारा आणि नव्या संगणकावर तो पुन्हा चालता करणारा माणूस अनुदानाच्या बहुतेक अर्जांत कोठेच नसतो. त्या माणसाच्या वेतनाचा रकाना अंदाजपत्रकात येईल, तेव्हाच हे आवाज पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतील.